मॅक्लाउड ते क्लाउड

आमच्या शिक्षणसंस्थेची सगळी कागदपत्रं क्लाउडवर न्यायची, असं व्यवस्थापन मंडळानं ठरवलं तेव्हा बैठकीत एकाच गोष्टीची चर्चा झाली: जागा किती लागेल आणि महिन्याला भाडं किती पडेल. मी अभिलेख विभागाची, म्हणजे दफ्तर सांभाळणारी बाई. मोडीचा सरकारी वर्ग केल्यापासून पेशवे दफ्तराचा नाद लागलेला. त्यामुळे टेराबाइटचे आकडे चालू असताना माझ्या डोक्यात त्या दफ्तराचे कागद बांधलेले पुण्यातले रुमाल होते. गेल्या अडीचशे वर्षांत त्या दफ्तराला जेवढं हलवलं गेलं तेवढं महाराष्ट्रात क्वचितच दुसऱ्या कुठल्या दफ्तराला हलवलं असेल. त्या सगळ्या हलवाहलवीत जागेवाचून फारसं अडलं नाही. कागद कोणाचा, तो कोणी बघायचा आणि हलवणाऱ्याला तो कशासाठी हवा आहे, यावर मात्र दर वेळी सगळं ठरलं.

पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून राबत होते. त्याचे दोन भाग लक्षात ठेवण्याजोगे. चालतं दफ्तर फडणिसांच्या हाताखाली असे: रोजची कीर्द, सरंजाम, बेहेडे, म्हणजे ज्या कागदावर आज काम चालू आहे तो कागद. दुसरं एकबेरीज दफ्तर. ते कायम पुण्यात असायचं. सगळ्या खात्यांचे हिशोब शेवटी तिथं यायचे, त्यांचे तर्जुमे निघायचे, म्हणजे सालाची जमा, खर्च आणि शिल्लक एका नजरेत दिसेल असा गोषवारा. खतावणीत एकेका बाबीखाली अनेक वर्षांचा खर्च मांडलेला असायचा. चालतं वेगळं आणि संपलेलं वेगळं, ही शिस्त अठराव्या शतकातल्या कारकुनांना होती. आमच्या सर्व्हरवर चालू वर्षाचं वेळापत्रक आणि 2003 सालच्या स्नेहसंमेलनाचे फोटो एकाच फोल्डरात नांदत होते.

या दफ्तराला पहिला मोठा तडाखा बसला तो 1763 मध्ये. निजाम अलीच्या फौजा पुण्यावर चालून आल्या, शहर लुटलं, जाळलं. पेशव्यांची मंडळी आणि सरकारी कागद सिंहगडाकडे हलवले होते. गडाच्या पायथ्याचं गाव निजामाच्या तुकडीनं जाळलं आणि कितीतरी कागद तिथंच नष्ट झाले. घाईत हलवलेलं दफ्तर मूळ जागी जळालं नाही, ते वाटेत जळालं.

दुसरा तडाखा शत्रूनं दिलेला नव्हता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दफ्तराकडे कोणी बघेनासं झालं, कारकून जवळजवळ सगळे कमी केले गेले आणि लोकांना कागद उचलून घरी न्यायलाही मोकळीक मिळाली. 1818 नंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या हाताखालच्या मॅक्लाउड साहेबाकडे या विस्कटलेल्या दफ्तराची मांडणी आली. (नावातली गंमत माझी नाही, इतिहासाचीच आहे.) त्यानं या अवस्थेचं जे वर्णन लिहून ठेवलं ते वाचताना मला आमच्या कचेरीतले पेन ड्राइव्ह दिसू लागतात. कोणी चोरी करत नव्हतं. घरी काम करायला सोपं पडतं म्हणून प्रत्येकानं थोडं थोडं नेलेलं. संस्थेच्या जमिनीच्या सातबाऱ्यांचे स्कॅन एका निवृत्त अधीक्षकांच्या खासगी ईमेलमध्ये होते. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं; त्यांच्या काळात कचेरीचा ईमेलच नव्हता.

मॅक्लाउडला ते कागद का हवे होते, हे विचारायला हवं. इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे. नव्या इंग्रजी राज्याला शेतसारा बसवायचा होता. कोणाचं वतन खरं, कोणाचं इनाम चालू ठेवायचं, कोणाची सनद खोटी, हे ठरवायचं होतं. पुढे इनाम कमिशन आलं, 1852 च्या अकराव्या कायद्यानं त्याला दात फुटले, आणि पेशव्यांच्या दफ्तराचं रूपांतर एका प्रचंड पुराव्याच्या कोठीत झालं. इनामदारांकडे पुरावा मागायचा आणि तो दफ्तराशी ताडून बघायचा, असा प्रकार. देशमुख-देशपांड्यांकडून, गावोगावच्या वतनदारांकडून कागद गोळा करून आणले गेले, त्यांचं जमाव दफ्तर वेगळं झालं. आजोबांनी जपलेला कागद नातवाच्या विरुद्ध उभा राहू शकतो, हे लोकांना तेव्हा कळलं. पुढे इतिहाससंशोधक राजवाडे गावोगाव वाडे धुंडाळत हिंडले तेव्हा लोक दप्तर सोडायला बिचकत, त्यामागे ही आठवण असणारच.

1863 च्या कायद्यांनी इनामांचा सरसकट निकाल लावला, पण कागद सरकारच्या ताब्यातच राहिले, आणि ते राखणाऱ्या कचेरीला नाव पडलं एलिएनेशन ऑफिस. सारामाफीच्या जमिनींचं खातं! शाहू छत्रपतींची पत्रं, पानिपताकडून आलेले खलिते आणि रोजकीर्दी, सगळं या नावाखाली. 1891 मध्ये त्यासाठी पुण्यात खास इमारत उभी राहिली. विधान भवनाच्या जवळची ती दगडी वास्तू आज पुणे पुरालेखागार म्हणून ओळखली जाते. 35 हजारांच्या वर रुमाल तिथं आहेत. रुमाल म्हणजे चौरस कापड. त्यात कागदांची पुडकी ठेवून समोरासमोरची टोकं बांधायची. शाहू दफ्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, जमाव अशी त्यांची वर्गवारी. त्यातली काही नावं पेशवाईतली, पण कुठला कागद कुठल्या रुमालात जाणार हे पुष्कळसं ठरलं ते सारा आणि इनाम यांच्या सोयीनं. ज्यांनी हलवलं त्यांनी मांडलं, आणि ती मांडणी राज्य बदललं, स्वातंत्र्य आलं, तरी टिकली.

ती संशोधकाच्या किती आड येते हे गोविंद सखाराम सरदेसाईंच्या कामावरून दिसतं. बडोद्याची नोकरी संपवून आलेले सरदेसाई पासष्टीत या दफ्तरात शिरले. सरकारनं आधी संशोधकांना दार उघडं ठेवलं नव्हतं. गणेश चिमणाजी वाडांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांतून उतारे काढले होते, तेवढाच काय तो झरोका. इतिहासकार जदुनाथ सरकारांच्या आग्रहानं दार किलकिलं झालं. 1930 ते 1934 या काळात सरदेसाई आणि त्यांच्या मोडी वाचणाऱ्या मदतनिसांनी हजारो रुमाल सोडून, वाचून, परत बांधून 8,650 कागद निवडले आणि 45 खंड छापून काढले. मला या कामाचा अचंबा वाटतो, आणि एक तक्रारही आहे. निवड मुख्यतः राजकारणाची झाली. लढाया, तह, मसलती आल्या. धान्याचे भाव, कारकुनांचे पगार, बागेतल्या माळ्याचा रोज हे बहुतेक मागेच राहिलं. कोट्यवधी कागदांतून चार-पाच वर्षांत निवड करायची म्हटल्यावर दुसरं काय होणार, हेही खरं. पण मराठी वाचकाच्या मनातली पेशवाई त्या निवडीनं घडवली, हे विसरून चालत नाही.

आता आमच्याकडे येते. मी नोकरीला लागले नव्वदच्या दशकात, आवक-जावकवर. आमची संस्था अनुदानित, त्यामुळे सरकारी शिस्त आपोआप आलेली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना यांनी अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना कचेरीची जी घडी बसवली तिचं नावच ‘लखिना पॅटर्न’ पडलं. टेबलावर कागदांचा डोंगर नको; प्रत्येक कारकुनाकडे सहा गठ्ठे: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. अभिलेखांचे वर्ग ठरलेले. अ कायमचा, ब तीस वर्षं, क-1 दहा, क पाच, ड एक वर्ष. अ वर्गाला लाल कापड, ब ला हिरवं, क ला पिवळं, ड ला पांढरं. आमच्या अभिलेख कक्षात मामा नावाचे शिपाई होते, त्यांना अक्षर जेमतेम येई. पण सेवापुस्तक हवं म्हटलं की ते लाल बस्त्यांच्या रांगेत जायचे, परीक्षेच्या हजेरीचा कागद हवा म्हटलं की पांढऱ्याकडे. वर्षाच्या शेवटी पांढऱ्याची यादी करायची, साहेबांची सही घ्यायची, मग कागद फाडायचे. नष्ट करण्याची सुद्धा नोंद.

संगणक आला आणि ही शिस्त एका फटक्यात गेली. माझं हे म्हणणं तरुण सहकाऱ्यांना पटत नाही, पण मी ते मागे घेणार नाही. कापड महाग होतं, कपाट मर्यादित होतं, म्हणून निवड करावी लागायची. हार्ड डिस्कनं ती गरजच काढून टाकली. सगळ्यांच्या सोयीसाठी झेड ड्राइव्ह सुरू झाला आणि दहा वर्षांत त्यात ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर 2’, ‘जुना डेस्कटॉप’, ‘जुन्या डेस्कटॉपमधला डेस्कटॉप’ असे मजले चढले. एका ठरावाच्या मसुद्याच्या फायलींची नावं मी तेव्हा उतरवून घेतली होती: ‘ठराव’, ‘ठराव फायनल’, ‘ठराव फायनल दुरुस्त’, ‘ठराव साहेबांनी बघितलेला’, ‘ठराव फायनल हाच घ्यावा’. सभेत मंजूर झालेला यांतला एकही नव्हता. तो चिटणिसांच्या लॅपटॉपवर होता.

2005 मध्ये दोन कायदे आले. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानं सार्वजनिक प्राधिकरणानं अभिलेख सूचीबद्ध ठेवावेत आणि जमेल तसे संगणकावर आणावेत असं चौथ्या कलमातच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमानं सरकारी कागद सांभाळण्याची जबाबदारी घातली. कायदा वाचून मात्र कचेऱ्या हलत नाहीत. 21 जून 2012 ला मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली, ती वर चढत गेली, पाच माणसं गेली, मजलेच्या मजले फायलींसकट खाक झाले. त्यानंतर ई-ऑफिसच्या कामाला जोर आला. 1763 च्या सिंहगडानंतर अडीच शतकांनीही कागद वाचवायची घाई आगीनंतरच सुटते, हे पाहून मला फार आश्चर्य वाटलं नाही.

आमचं क्लाउडचं काम त्यानंतर बऱ्याच वर्षांनी निघालं. कंत्राट घेतलेल्या कंपनीचा मुलगा हुशार आणि घाईत होता. म्हणाला, “मॅडम, एका शनिवार-रविवारात सगळा ड्राइव्ह वर टाकून देतो. सोमवारी लोकांनी लॉगिन करायचं.” मी म्हटलं, “आधी एक फोल्डर टाकून दाखव.” त्यानं नमुन्याला घेतलं ते शिक्षक मान्यतेचं फोल्डर, आणि ब्राउझरमधून उचलून सरळ चढवलं. सोमवारी उघडून बघते तर प्रत्येक फाइलवर तारीख शनिवारची आणि कर्त्याच्या जागी त्या मुलाचं नाव. 2006 चा मान्यता प्रस्ताव, 2011 ची दुरुस्ती, 2018 चं पत्र, सगळी एकाच दुपारी, एकाच माणसानं तयार केलेली! उद्या न्यायाधिकरणात कोणी विचारलं की हा कागद कधीचा, तर काय सांगायचं? तो म्हणाला, “आतला मजकूर तर तोच आहे ना?” मजकूर तोच होता, साक्ष गेली होती. स्थलांतरासाठी बनवलेलं साधन वापरलं की मूळ तारखा आणि मूळ नावं बरोबर येतात, हे त्याला माहीत होतं. ते चालवायला आधी प्रत्येक जुन्या वापरकर्त्याची नव्या खात्याशी जुळणी करून द्यावी लागते, आणि ती यादी कोणाकडेच नव्हती. ती मी केली. निवृत्त झालेले, बदलून गेलेले, वारलेले, सगळे त्यात आले. दफ्तरात अमुक गृहस्थाचं हस्ताक्षर कोणतं हे ओळखून घ्यावं लागतं, तसलंच ते काम.

मग लांबीचं भांडण. विंडोजच्या जुन्या नियमानं फाइलचा पूर्ण पत्ता साधारण 260 अक्षरांत बसायचा. आमच्या नव्या क्लाउडवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटमध्ये, ती मर्यादा 400. वाटतं की ऐसपैस झालं. पण आमच्याकडे फोल्डरांची नावं म्हणजे शासन निर्णयाचे विषय, जसेच्या तसे: ‘राज्यातील अनुदानित खासगी शाळांमधील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या’ इथपर्यंत आलं की साठएक अक्षरं संपतात, त्याच्या आत वर्ष, त्याच्या आत शाखा, त्याच्या आत पुन्हा तोच विषय. शिवाय नावात तिरकी रेघ चालत नाही, अवतरणचिन्ह चालत नाही, विसर्गाच्या जागी टाइप केलेलं इंग्रजी कोलनसुद्धा चालत नाही. नावं तोडावी लागली आणि प्रत्येक तोडीला जुनं नाव कुठल्या नव्या नावाशी जातं याची नोंद ठेवावी लागली. कंटाळवाणं काम होतं, यापलीकडे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

फॉन्टांचं मात्र सांगायलाच हवं. नव्या व्यवस्थेची सर्वांत मोठी जाहिरात होती शोध: एक शब्द टाका, सगळे कागद समोर. आम्ही ‘वेतनश्रेणी’ टाकलं. गेल्या काही वर्षांचेच कागद आले. त्याआधीची सगळी वर्षं रिकामी. कारण साधं. युनिकोड आमच्या टेबलावर पोचेपर्यंत सगळी मराठी श्रीलिपीत किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या फॉन्टांत टाइप व्हायची. दोन्ही पुण्यातच घडलेली, आणि त्यांच्यामुळेच मराठी कचेऱ्या संगणकावर आल्या, त्याचं ऋण मोठं आहे. पण त्या काळच्या पद्धतीत डोळ्याला ‘क’ दिसला तरी आत साठवलेलं असायचं भलतंच रोमन चिन्ह. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर कचरा. आमची पंचवीस वर्षांची मराठी शोधयंत्राला दिसतच नव्हती.

मोडीचं झालं तेच. शिवकालापासून विसाव्या शतकापर्यंत कारभार मोडीत चालला. बालबोध छपाईत आणि शाळेत आली, मोडी मागे पडली, आणि दोन पिढ्यांत घरचा कागद घरच्यांना वाचता येईना. आमच्याकडे तेवढाही वेळ लागला नाही. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं, रफार, आकडे यांत चुका राहतात. आम्ही मूळ फाइल तशीच ठेवली, शेजारी तिची पीडीएफ प्रत आणि युनिकोड प्रत ठेवली, आणि युनिकोड प्रतीवर स्पष्ट लिहिलं की ही शोधण्यासाठी आहे, पुराव्यासाठी नाही. अ वर्गाचं एवढंच केलं. बाकीचं करायला ना माणसं होती ना पैसा, आणि मला वाटतं ते योग्यच झालं. अ, ब, क, ड हीच वर्गवारी आता क्लाउडवर लेबल म्हणून बसली आहे. ड ची मुदत संपली की व्यवस्था आपणहून विचारते, नष्ट करू का? मामा असते तर त्यांना हे पहिल्या दिवशी कळलं असतं.

सर्वांत जास्त वाद झाला तो परवानग्यांवरून. जुन्या ड्राइव्हवर सगळ्यांना सगळं दिसायचं, म्हणजे कोणाला काय दिसतं हे कोणी कधी ठरवलंच नव्हतं. आता ठरवायचं म्हटल्यावर प्रत्येक विभागप्रमुख म्हणू लागला, माझं दुसऱ्याला नको, दुसऱ्याचं मला पाहिजे. शेवटी नियम केला: परवानगी माणसाला नाही, पदाला. आस्थापना लिपिक बदलला की जुन्याचा हक्क गेला, नव्याचा आला. फायलींची मालकी विभागाची. कोणाच्याही खासगी खात्यात संस्थेचा कागद राहणार नाही. फडणिशी घराण्याकडे राहिली की दफ्तरही घराण्याकडे जातं, हे आपण पाहिलेलं आहे. नाना फडणिसांचं मेणवलीचं दफ्तर वाड्यात राहिलं, जुने कागद जमवणाऱ्या पारसनिसांनी ते मिळवलं म्हणून साताऱ्याच्या संग्रहालयात आणि तिथून डेक्कन कॉलेजात पोचलं. ते आपलं नशीब. प्रत्येक लॅपटॉपला पारसनीस भेटत नाही.

क्लाउड म्हणजे सगळं अमेरिकेत गेलं, असं आमच्या काही सभासदांना वाटत होतं. मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर 2015 मध्ये भारतात तीन ठिकाणी डेटा सेंटरं सुरू केली: पुणे, मुंबई आणि चेन्नई. पुण्याच्या केंद्राचं अधिकृत नाव ‘सेंट्रल इंडिया’. आमचे कागद तिथं आहेत. म्हणजे पेशव्यांचे रुमाल आणि आमच्या फायली एकाच शहरात आल्या. दोन्हींची मांडणी हलवणाऱ्यांनी केलेली. आमच्या मांडणीत उद्याच्या संशोधकाला काय सापडणार नाही याचा मी अंदाज बांधू शकते. शाळांच्या भिंतीवरची हस्तलिखितं, पालकांची तक्रारपत्रं, पोषण आहाराचे हिशोब आम्ही क आणि ड मध्ये टाकले. कायद्यानं तेच बरोबर आहे. माळ्याचा रोज सरदेसाईंच्या खंडांत फारसा आला नाही म्हणून कुरकुर करणारी मी, माझ्या हातून पोषण आहाराचा तांदूळ नष्ट करण्याच्या यादीत गेला. मग मंडळाकडून ठराव करून घेतला: ड वर्गातलं दर दहा वर्षांतलं एक पूर्ण वर्ष, काही न निवडता, नमुना म्हणून कायम ठेवायचं.

तुमच्या संस्थेत, बँकेत, ग्रंथालयात हे काम निघणार असेल तर एक विनंती. जागा आणि भाडं यांची चर्चा उरकली की कंत्राटावर सही करण्याआधी दोन याद्या मागा: कुठला कागद आज कुठे आहे आणि उद्या कुठे जाणार याची एक, आणि तो कोणत्या पदाच्या ताब्यात असेल याची दुसरी. दोन्ही छापून, सही-शिक्क्यानिशी, अ वर्गात ठेवा. त्या देता येत नाहीत असं कंत्राटदार म्हणाला, तर काम त्याला देऊ नका.